एका विषाचें चरित्र

एखाद्या मनुष्यास गांवानें एकदां चोर ठरविलें म्हणजे पुढें तो कोणाच्या मदतीस धांवला तरी लोक आधीं आपला खिसा चांचपून पाहतात. शास्त्राच्या इतिहासांतहि असा प्रकार वारंवार घडलेला दिसतो. एखाद्या पदार्थास पहिल्या भेटींत जें नांव मिळतें तें त्यास चिकटून राहतें, आणि पुढच्या पिढ्यांतील शोधक त्या पदार्थाकडे न पाहतां त्या नांवाकडेच पाहूं लागतात. सूक्ष्म जंतूंच्या अंगावर असणाऱ्या एका पदार्थाची इ. स. १८९२ सालीं बर्लिन येथें ‘विष’ म्हणून ओळख झाली. त्यानंतर एकशें बारा वर्षांनीं, म्हणजे २००४ सालीं, अमेरिकेंत हाच पदार्थ पाण्यांतून पाजून, एरवीं खात्रीनें दगावले असते असे उंदीर वांचविण्यांत आले. हा पालट कसा घडला, मधल्या शतकांत कोणास काय दिसलें आणि डोळ्यांसमोर असूनहि काय दिसलें नाहीं, याची हकीकत येथें सांगण्याचा आमचा विचार आहे. विषय वैद्यकाचा असला तरी तो वैद्यांपुरता नाहीं. घराघरांतील शुद्धाशुद्धतेच्या आणि औषधपाण्याच्या कल्पनांशीं त्याचा निकट संबंध आहे; म्हणून सुज्ञ वाचकांनीं आमच्याबरोबर थोडी रसायनशास्त्राची वाट चालण्याचे श्रम घ्यावे, अशी विनंति आहे.

प्रथम हा पदार्थ कोणता तें सांगितलें पाहिजे. १८८४ सालीं हान्स क्रिस्तियन ग्राम या डॅनिश वैद्यानें जंतूंस रंग देण्याची एक रीत प्रसिद्ध केली. त्या रीतीनें कांहीं जंतु जांभळे होऊन राहतात, तर कांहींचा रंग धुतला जातो. या भेदाचें कारण जंतूंच्या भिंतीच्या रचनेंत आहे, हें पुढें कळलें. ज्यांचा रंग धुतला जातो त्यांच्या भिंतीवर आणखी एक पातळ आवरण असतें, आणि त्या आवरणाचा बाहेरचा पदर ज्या पदार्थाचा बनलेला असतो त्याचें शास्त्रीय नांव लायपोपॉलिसॅकराइड असें आहे. नांव लांबलचक असल्यामुळें या लेखापुरतें त्यास आम्ही ‘मेदशर्करा’ म्हणूं. तिचा एक भाग साखरेच्या लांब सांखळीचा असून तो गवताच्या पात्यासारखा बाहेर पसरलेला असतो. दुसरा भाग मेदाचा असून तो मुळासारखा आवरणांत रुतलेला असतो. या मुळास शेपट्यांसारख्या कांहीं मेदाम्लांच्या सांखळ्या जोडलेल्या असतात. कोठें त्या सहा असतात, कोठें पांच, कोठें चार. हे आंकडे वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. पुढें त्यांचें काम पडणार आहे.

रिखार्ड फायफर हे रॉबर्ट कॉख यांचे बर्लिन येथील शिष्य. जंतु मनुष्यास कसे मारतात या प्रश्नाचें एक सोपें उत्तर त्या काळीं नुकतेंच हातीं आलें होतें. घटसर्पाचे जंतु एक विष बाहेर सोडतात, आणि जंतु गाळून काढले तरी उरलेल्या द्रवानें प्राणी मरतो, असें रू व येर्सिन यांनीं १८८८ सालीं पॅरिस येथें दाखविलें होतें. १८९० सालीं बेरिंग व कितासातो यांनीं बर्लिन येथें अशा विषांवर उताराहि शोधून काढला होता. पटकीच्या बाबतींतहि असेंच असावें या अपेक्षेनें फायफर कामास लागले. १८९२ सालीं एकट्या हांबुर्ग शहरांत पटकीनें आठ हजारांहून अधिक माणसें मेलीं, तेव्हां हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हता. परंतु फायफर यांस आढळलें तें वेगळेंच. पटकीचे जंतु उष्णतेनें मारून ते मेलेले जंतु गिनीपिगच्या पोटांत टोंचले तरी तो प्राणी गार पडून मरे. जंतु मेला होता, पण त्याचें विष मेलें नव्हतें. तें बाहेर सोडलेलें नसून त्याच्या देहाचाच भाग होतें. त्यास ‘एंडोटॉक्सिन’, म्हणजे अंतर्विष, असें नांव पडलें.

या फायफर यांचा मुंबईशींहि संबंध आला. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, रोगी आढळले, आणि दुसऱ्या वर्षीं जर्मन सरकारनें जें शास्त्रज्ञांचें मंडळ मुंबईस धाडलें त्यांत फायफर होते. मागाहून कॉखहि येऊन मिळाले. त्याच सुमारास भायखळ्यास ग्रँट मेडिकल कॉलेजांत वाल्डेमार हाफकिन यांनीं प्लेगचे जंतु वाढवून, ते उष्णतेनें मारून त्यांची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःसच टोंचून घेतली. ती टोंचल्यावर ताप भरे, अंग मोडून येई, दंड सुजे. मेलेल्या जंतूनें जिवंत माणसास ताप कां यावा? त्या मृत जंतूंच्या अंगावर हीच मेदशर्करा होती, आणि शरीर तिला उत्तर देत होतें. बर्लिनमधील गिनीपिगचा मृत्यु आणि मुंबईकरांचा तो ताप या दोहोंचें गोत्र एकच होतें.

येथें न्यायासाठीं एक गोष्ट नमूद केली पाहिजे. पटकीच्या जुलाबांस कारण होणारें विष जंतु बाहेरच सोडतात, हें कलकत्त्याचे शंभुनाथ डे यांनीं १९५९ सालीं सप्रयोग सिद्ध केलें. म्हणजे ज्या रोगाचें कारण शोधतांना अंतर्विष सांपडलें त्या रोगाचें तें मुख्य कारण नव्हतेंच! परंतु तोंपर्यंत नांव रूढ होऊन गेलें होतें.

रसायनशास्त्रज्ञांनीं या विषाचा पाठलाग चालूच ठेविला होता. १९३० च्या दशकांत आंद्रे बोआव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें तें जंतूच्या देहापासून वेगळें केलें. दुसऱ्या महायुद्धानंतर ओटो वेस्टफाल व ओटो ल्यूडरिट्झ या जर्मन रसायनज्ञांनीं तें शुद्ध करण्याची रीत बसविली, आणि सारा विषारीपणा साखरेंत नसून मेदाच्या मुळांत आहे, असें ठरविलें. १९८५ च्या सुमारास जपानांत ओसाका येथें हें मूळ कोणत्याहि जंतूच्या साहाय्यावांचून प्रयोगशाळेंत जुळविण्यांत आलें. त्यानेंहि प्राण्यांस ताप येऊं लागला. विषाचें शरीर सांपडलें, पण कर्म उमगलें नाहीं. सर्पाचें विष रक्त वा मज्जातंतु बिघडवितें, घटसर्पाचें विष पेशीचें काम बंद पाडतें; मेदशर्करा असें कांहींच करीत नाहीं. मनुष्याच्या वजनाच्या दर किलोमागें ग्रॅमाचे अवघे कांहीं अब्जांश रक्तांत गेले कीं थंडी वाजून ताप येतो, आणि पुष्कळ गेली तर रक्तदाब कोसळून प्राण जातो. इतका उत्पात करणारें हें द्रव्य स्वतः मात्र कशाचाहि नाश करतांना दिसेना.

हें कोडें उकलण्यास उंदरांचें एक कुळ उपयोगी पडलें. अमेरिकेंतील जॅक्सन प्रयोगशाळेंत पैदास होणाऱ्या एका वंशाच्या उंदरांस मेदशर्करा भरपूर टोंचली तरी कांहीं होत नाहीं, असें १९६० च्या दशकांत आढळलें होतें. हे हलाहल पचविणारे नीळकंठच म्हणावे, तर तसेंहि नव्हतें; जिवंत जंतूंची लागण झाली म्हणजे हेच उंदीर इतरांच्या आधीं मरत. १९८५ सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठांत ब्रूस ब्यूटलर व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, मेदशर्करा भेटतांच शरीर स्वतः जें एक दाहक प्रथिन निर्माण करतें त्यास आधींच अडवून ठेविलें तर साधे उंदीरहि पुष्कळसे वांचतात. इकडे येल विद्यापीठाचे चार्ल्स जेनवे यांनीं १८८९ च्या नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनंतरच्या १९८९ च्या एका व्याख्यानांत असें अनुमान केलें होतें कीं, जंतूंच्या अंगावरील ठराविक खुणा ओळखणारीं जन्मजात ग्राहकें आपल्या पेशींवर असलींच पाहिजेत. १९९६ सालीं झूल हॉफमन यांच्या स्ट्रासबुर्ग येथील मंडळीस फळांवरच्या माशींत ‘टोल’ या जनुकाचें असेंच राखणदारीचें काम आढळलें. शेवटीं १९९८ सालीं ब्यूटलर यांच्या डॅलस येथील प्रयोगशाळेनें त्या नीळकंठ उंदरांचें रहस्य उघड केलें: टोलसारख्याच एका ग्राहकाच्या घडणींत एक अमिनो आम्ल बदललें होतें, त्यामुळें ते उंदीर मेदशर्करेच्या बाबतींत जन्मतः बहिरे होते. ब्यूटलर व हॉफमन यांस २०११ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. जेनवे २००३ सालींच निवर्तले होते.

या शोधाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. मेदशर्करा ही विष नसून वर्दी आहे. जंतु आला, ही खबर ती देते. आग लावतो तो आपलाच पहारेकरी. एक चोर शिरल्याचें ऐकून साऱ्या वाड्यासच चूड लावावी, तसें रक्तदोषाच्या विकारांत घडतें. हा भेद केवळ शब्दांचा नाहीं. अंतर्विषास अडविलें कीं रोगी वांचेल, या समजुतीवर कित्येक औषधें रचलीं गेलीं. त्यांपैकीं मेदशर्करेची ग्राहकाशीं गांठच पडूं न देणारें एक औषध सुमारें दोन हजार अत्यवस्थ रोग्यांत तपासण्यांत आलें. परंतु त्यानें मृत्यूंची संख्या कमी झाली नाहीं, असा निकाल २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. एकदां वाडा पेटल्यावर वर्दी देणाऱ्याचें तोंड दाबून काय उपयोग?

आतां दुसरा प्रश्न पुढें येतो, आणि तो पहिल्याहून विलक्षण आहे. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका हिशेबाप्रमाणें प्रौढ मनुष्याच्या अंगीं सुमारें ३८ लक्ष कोटि जंतु वसतात. त्याच्या स्वतःच्या पेशी ३० लक्ष कोटि धरल्या आहेत. यांतील बहुतेक जंतु मोठ्या आंतड्यांत असतात, आणि त्यांपैकीं असंख्यांच्या अंगावर मेदशर्करा असते. रक्तांत ज्याचे अब्जांश जाणें धोक्याचें, त्याच जातीच्या द्रव्याच्या लक्षावधिपट सांठ्यावर मनुष्य रोज सुखानें जेवतो व झोंपतो, हें कसें? जुन्या शास्त्रज्ञांत याविषयीं दोन तट होते. जंतूंवांचून प्राण्याचें जीवन अशक्य असावें, असा तर्क पाश्चर यांनीं १८८५ सालीं मांडला होता. उलट त्यांच्याच संस्थेंतील मेचनिकॉफ यांस मोठें आंतडें म्हणजे शरीरास हळूहळू विष पाजणारें उकिरड्याचें स्थान वाटे, आणि म्हातारपण लांबविण्यासाठीं ते आंबविलेल्या दुधाचा पुरस्कार करीत. आमच्या वाचकांस दह्याताकाची शिफारस नवी नाहीं. परंतु येथें मुद्दा ताकाचा नसून आंतड्यांतील रहिवाशांच्या अब्रूचा होता.

वाद प्रयोगानें मिटण्याजोगा होता. बर्लिन येथेंच नटॉल व थीरफेल्डर यांनीं १८९५ सालीं गिनीपिगचें पिल्लूं आईच्या पोटांतून शस्त्रक्रियेनें काढून निर्जंतुक पेटींत कांहीं दिवस जगविलें. १९४० च्या दशकांत अमेरिकेंतील नोत्र दाम विद्यापीठांत निर्जंतुक उंदरांच्या पिढ्या वाढविल्या गेल्या. म्हणजे पाश्चर यांचा तर्क शब्दशः खरा ठरला नाहीं. जंतूंवांचून जगतां येतें. पण कसें? या सोंवळ्या प्राण्यांच्या आंतड्यांतील संरक्षक ग्रंथि खुरटलेल्या असतात आणि त्यांच्या रक्षक पेशी अल्प व अननुभवी राहतात. ज्यास कधीं कोणी परका भेटलाच नाहीं, असा पहारेकरी शिकणार कशावर?

२००४ सालीं येल विद्यापीठांत सेठ राकॉफ-नाहूम, रुस्लान मेजितोव्ह व त्यांचे सहकारी यांनीं जो प्रयोग प्रसिद्ध केला, तो आमच्या मतें या चरित्रांतील मुख्य प्रसंग होय. आंतड्यांच्या अस्तरास इजा करणारें एक द्रव्य उंदरांस पाजलें असतां साधे उंदीर थोडे आजारी पडत व सावरत. परंतु ज्यांच्यांत टोलवर्गी ग्राहकांचा निरोप आंत पोंचत नव्हता ते उंदीर मरत. तसेंच, ज्यांच्या आंतड्यांतील जंतु प्रतिजैविक औषधांनीं आधींच काढून टाकले होते तेहि मरत. मग या दुसऱ्या प्रकारच्या उंदरांस जंतु परत न देतां पिण्याच्या पाण्यांतून नुसती मेदशर्करा दिली; आणि ते वांचले! अस्तराची रोजची झीज भरून काढण्याचें काम शरीर या जंतूंच्या खुणांच्या भरंवशावर करीत असतें, असा याचा निष्कर्ष. शत्रूची म्हणून कुप्रसिद्ध झालेली खूण घरांतील डागडुजीचा नित्याचा इशारा निघाली.

दुसऱ्याच वर्षीं हार्वर्डचे डेनिस कॅस्पर, सार्किस मझमानियन व त्यांचे सहकारी यांनीं आणखी एका पृष्ठद्रव्याची हकीकत पुढें आणली. बॅक्टेरॉइडीस फ्रॅजिलिस हा आंतड्यांतील एक अल्पसंख्य जंतु. आंतडें फाटून तो पोटाच्या पोकळींत पडला तर गळूं करतो. कॅस्पर यांनीं आधीं त्याचा अभ्यास केला तो या गळवांसाठींच. त्याच्या कवचावरील साखरेची एक सांखळी, जिच्यावर धन आणि ऋण असे दोन्ही विद्युद्भार असतात, तीच गळवाचें कारण होती. परंतु हाच जंतु निर्जंतुक उंदरांच्या आंतड्यांत सोडला, तेव्हां त्यांच्या खुरटलेल्या रक्षक पेशींची वाढ व निरनिराळ्या पेशींतील तोल सुधारला. ती सांखळी नसलेला जंतु सोडला तेव्हां तसें झालें नाहीं. २००८ सालीं त्यांनीं दाखविलें कीं ही शुद्ध साखर पाजली असतां उंदरांच्या आंतड्यांचा दाह टळतो, कारण ती दाह शमविणाऱ्या पेशींस चालना देते. एकच द्रव्य पोकळींत गळूं करतें आणि आंतड्यांत शांतता राखतें. गुण द्रव्याचाच नसतो, स्थळाचाहि असतो.

आतां त्या शेपट्यांकडे वळूं. सहा शेपट्यांची मेदशर्करा मनुष्याच्या ग्राहकास खडसावून जागें करते. चार वा पांच शेपट्यांची त्यास फारशी जागवीत नाहीं, कित्येकदां दुसरीचीहि हांक ऐकूं देत नाहीं. फिनलंड आणि त्यालगतचा रशियन कॅरेलिया यांतील लोकांत आनुवंशिक साम्य पुष्कळ आहे. पण बालवयांत होणारा मधुमेह, ज्यांत रक्षक पेशी स्वतःच्याच स्वादुपिंडावर उलटतात, फिनलंडमध्यें सुमारें सहापट अधिक आढळला. फिनलंड, एस्टोनिया व रशियन कॅरेलिया येथील २२२ बालकांच्या जंतूंची तपासणी २०१६ सालीं प्रसिद्ध झाली. पहिल्या दोन देशांतील मुलांच्या आंतड्यांत कमी शेपट्यांची, मूक मेदशर्करा धारण करणारे जंतु अधिक होते. रशियन बाजूस सहा शेपट्यांचे. बोलका उस्ताद ज्यांस लवकर भेटला त्यांच्या रक्षकांस संयमाची शिकवण लवकर मिळाली, असें अनुमान त्या शोधकांनीं केलें. हें अनुमान आहे, सिद्धांत नव्हे. परंतु मधुमेहप्रवण उंदरांत सहा शेपट्यांच्या मेदशर्करेनें रोग लांबला व दुसरीनें लांबला नाहीं, हें त्यास पोषक आहे.

मूकपणाचें दुसरें उदाहरण आपणांस पुन्हां मुंबईच्या त्या प्लेगकडे घेऊन जातें. प्लेगचा जंतु पिसवेच्या थंड शरीरांत असतां त्याच्या मेदशर्करेस बहुतांशीं सहा शेपट्या असतात. मनुष्याच्या उबदार रक्तांत शिरला कीं तो नवीन मेदशर्करा चार शेपट्यांचीच करतो. म्हणजे दारांतून आंत येतांना हा दरोडेखोर पायांतील वाजणारे जोडे काढून हातांत घेतो. २००६ सालीं शास्त्रज्ञांनीं त्याच्या जनुकांत फेरफार करून त्यास उबेंतहि सहा शेपट्या ठेवणें भाग पाडलें, तेव्हां तो उंदरांस मारीनासा झाला. हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें ज्यानें घेतलीं तो जंतु आपलें ‘विष’ दाखवून नव्हे, तर लपवून जिंकत होता. ‘अंतर्विष’ या नांवाचा फोलपणा याहून अधिक स्पष्टपणें दिसणार नाहीं.

या हकीकतीवरून कोणी असा अर्थ काढील कीं, घाण हितकारक आहे व स्वच्छता हें एक फॅड आहे. आम्हांस तसें मुळींच म्हणावयाचें नाहीं. शुद्ध पाणी, लस आणि हात धुणें यांनीं जितकीं मुलें वांचविलीं तितकीं दुसऱ्या कशानेंहि क्वचितच वांचविलीं असतील; प्लेगचा व पटकीचा काळ ज्या शहरानें पाहिला त्यास हें सांगावयास नको. पाण्यांतून मेदशर्करा पिण्याचा उपदेशहि येथें नाहीं. उंदरांवरील प्रयोग म्हणजे वैद्याची चिठ्ठी नव्हे. परंतु साध्या पडशावर प्रतिजैविक औषधाचा हट्ट धरणारा गृहस्थ केवळ शत्रूवर शस्त्र चालवीत नसतो. ज्यांच्या खुणांवर शरीराची डागडुजी चालते त्या शेजाऱ्यांसहि तो हुसकून लावीत असतो. ओल्याबरोबर सुकेंहि जळतें, ही म्हण त्यानें आठवावी. सोंवळें पाळावयाचें तें कोठें आणि कितपत, याचा विवेक जुन्या घरांत ज्याप्रमाणें वडील माणसें करीत, त्याप्रमाणें आज तो जाणत्या वैद्यानें व समंजस कुटुंबानें मिळून केला पाहिजे.

नांव मात्र बदललें नाहीं. वैद्यकाच्या ग्रंथांत मेदशर्करेस आजहि एंडोटॉक्सिनच म्हणतात, आणि शिरेंतून देण्याच्या प्रत्येक औषधांत ती नाहीं ना, याची कसून तपासणी होते. तशी ती झालीच पाहिजे. पण त्याच वेळीं या मेदाच्या मुळांतील थोडा भाग काढून सौम्य केलेलें द्रव्य गर्भाशयमुखाच्या कर्करोगास आळा घालणाऱ्या एका लशींत आणि नागिणीवरील एका लशींत, रक्षक पेशींस जागें करण्यासाठीं, मुद्दाम घालण्यांत आलें आहे. हाफकिन यांच्या लशींत ही वर्दी न सांगतां आली होती. आतां ती मोजून मापून बोलाविली जाते.